नोंदींचे ठिपके, सूत्राची रेषा: मॅक्सिमात आकड्यांचा आलेख

ऐरोलीच्या बाजूला ठाणे खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. फ्लेमिंगो दाखवायला नेणाऱ्या बोटी त्या वेळा पाहूनच सुटतात. दिवाळे गावच्या कोळीवाड्यात होड्या कधी काढायच्या तेही पाणीच ठरवतं. नवी मुंबईत सिडकोने बांधलेल्या धारण तलावांची झडपंसुद्धा भरतीच्या वेळी मिटतात आणि ओहोटी लागली की साठलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडतात. म्हणून भर पावसाळ्यात 'आज पाणी अमुक उंचीच्या वर किती वेळ राहणार?' हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा असतो.

समजा, तुम्ही जेट्टीच्या खांबावर मीटरच्या खुणा केल्या आणि सकाळी ६ ते संध्याकाळी ६, दर दोन तासांनी पाण्याची उंची टिपली. सात नोंदी झाल्या: १.१, २.६, ४.०, ४.०, २.५, १.२ आणि ०.९ मीटर. (हे आकडे समजावण्यासाठी मी घेतले आहेत, भरतीचं वेळापत्रक म्हणून वापरू नका.) यांचा आलेख एक्सेलमध्येही निघतो, मग त्यासाठी बीजगणित करणारी प्रणाली कशाला? माझं उत्तर असं: नोंदी आणि त्यामागचं सूत्र एकाच चित्रात बघायचं असेल, आणि ते सूत्र पुढे गणितासाठी वापरायचं असेल, तर नोंदी तिथेच न्याव्यात जिथे सूत्र राहतं.

बीजगणित करणारी प्रणाली, म्हणजे कॉम्प्युटर अल्जिब्रा सिस्टिम, अक्षरांसकट गणित करते. साध्या कॅल्क्युलेटरला एक भागिले तीन विचारलं तर तो ०.३३३३ सांगतो. ही प्रणाली 'एक तृतीयांश' असंच ठेवते. पाय (π) तिच्यासाठी ३.१४१६ नसतो, पाय असतो. मी इथे मॅक्सिमा घेतो, कारण ती फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालते. तिचं मूळ एमआयटीत १९६८ साली सुरू झालेल्या मॅकसिमा (Macsyma) या जुन्या प्रणालीत आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडची तिची प्रत विल्यम शेल्टर या प्राध्यापकांनी १९८२ पासून सांभाळली, १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्याची परवानगी मिळवली, आणि तीच आजची मॅक्सिमा. मॅथेमॅटिका, मेपल, सेज, सिंपाय या अशाच दुसऱ्या प्रणालींत आज्ञा वेगळ्या आहेत, पण पुढे सांगितलेल्या अडचणी थोड्याफार फरकाने तिथेही येतात.

पहिली अडचण वेळेची. साडेसहा वाजता नोंद घेतली तर ती कशी लिहायची? ६:३० लिहाल तर मॅक्सिमा चक्क तक्रार करते, कारण तिच्याकडे अपूर्णविराम म्हणजे 'डावीकडच्या नावात उजवीकडची किंमत ठेव', आणि सहा या आकड्यात तीस ठेवता येत नाही. ही चूक निदान लगेच कळते. ६.३० लिहाल तर काहीच तक्रार येत नाही, आणि ते जास्त वाईट, कारण ६.३० तास म्हणजे सहा वाजून अठरा मिनिटं. सरळ ६ + ३०/६० लिहावं. मॅक्सिमा त्याचं १३/२ करते आणि तसंच अचूक ठेवते. आपल्या उदाहरणात सकाळी सहाला शून्य धरू, म्हणजे वेळांची यादी ०, २, ४, ६, ८, १०, १२ अशी होईल. चौकटी कंसात ही एक यादी, उंचींची दुसरी. दोन्ही याद्यांत आकड्यांची संख्या सारखीच हवी. एखादी नोंद राहून गेली असेल तर त्या वेळेचा आकडाही काढून टाका. तिथे शून्य भरलं तर खाडी त्या वेळी कोरडी पडली होती असं चित्र निघेल.

आता आलेख. प्लॉट-टू-डी ही आज्ञा मुळात सूत्रासाठी आहे. तिला सूत्र आणि कुठून कुठपर्यंत हे सांगितलं की ती स्वतःच ठिकठिकाणी किंमती काढते. सुरुवातीला ठरावीक अंतराने थोड्या जागा घेते, जिथे वळण जास्त तिथे मध्ये आणखी जागा घेते, आणि सगळं जोडून गुळगुळीत रेषा काढते. म्हणजे सूत्राची रेषासुद्धा आतून ठिपक्यांचीच असते. फरक इतकाच की तिथे हवे तितके ठिपके मागता येतात. तुमच्या नोंदींना ती मुभा नाही. सकाळी अकराला तुम्ही जेट्टीवर नव्हता, तर अकराचा ठिपका कुठूनही येणार नाही. म्हणून नोंदी देताना यादीच्या आधी 'डिस्क्रीट' हा शब्द द्यावा लागतो, म्हणजे 'हे सूत्र नाही, सुटे आकडे आहेत' असं प्रणालीला कळतं.

आणि तरीही पहिल्या फटक्यात पडद्यावर ठिपके दिसत नाहीत, तुटक कोपऱ्यांची जोडलेली रेषा दिसते. प्लॉट-टू-डी मुकाट्याने सातही ठिकाणं सरळ रेषांनी जोडून टाकते. तिला शैली 'पॉइंट्स' हवी असं वेगळं सांगावं लागतं. मॅक्सिमात 'ड्रॉ' नावाचं दुसरं पॅकेज आहे, ते आधी लोड केलं तर त्यातली पॉइंट्स ही आज्ञा मुळातच सुटे ठिपके काढते. मला नोंदींसाठी ड्रॉच बरं वाटतं, कारण आपण सांगितल्याशिवाय ते काही जोडत नाही.

इथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. चित्र मॅक्सिमा स्वतः काढत नाही. ती सगळे आकडे रकान्यांनी एका फाइलमध्ये लिहिते, वर रंग, अक्ष, शीर्षकाच्या सूचना जोडते आणि ते सगळं नूप्लॉट या वेगळ्या प्रोग्रॅमच्या हाती देते. नूप्लॉट १९८६ पासून आहे. त्यामुळे चित्राची खिडकी रिकामी आली तर दोष दोन ठिकाणी असू शकतो, आणि बहुतेक वेळा तो मॅक्सिमाच्या बाजूला असतो: एखाद्या अक्षराला किंमत दिलेलीच नसते. बीजगणितात किंमत नसलेलं अक्षर चालतं, प्रणाली ते तसंच पुढे नेते. आलेखाला मात्र आकडाच लागतो. 'अ गुणिले कोसाइन वेळ' यातल्या अ-ला किंमत नसेल तर ठिपका कागदावर कुठे टेकवायचा हेच ठरत नाही. आलेख निघत नसेल तर आधी सूत्रात एक वेळ घालून उत्तर मागा. उत्तरात अक्षर उरलं असेल तर कारण सापडलं.

ठिपके का जोडू नयेत, ते आपल्या सात नोंदींतच दिसतं. सकाळी १० ला ४.० मीटर आणि दुपारी १२ ला ४.० मीटर. जोडलेली रेषा सांगते की दोन तास पाणी ४.० वर सपाट थांबलं आणि त्याच्या वर कधी गेलंच नाही. खाडीकाठी वाढलेलं कोणीही हे मान्य करणार नाही. पाणी दहालाही चढतच होतं, बारापर्यंत उतरायलाही लागलं होतं, मधल्या वेळी ते ४.० च्या वर होतं. ती रेषा आपण टिपलेली नाही, प्रोग्रॅमने मारलेली आहे, आणि पाहणाऱ्याला मात्र ती नोंदीइतकीच खरी वाटते. दोन तासांनी घेतलेल्या नोंदींत भरतीचा माथा नेमका हुकतो, आणि आपल्याला हवा असतो तोच.

यावर एक उपाय पुष्कळांना सुचतो: सातही ठिपक्यांतून जाणारी बहुपदी काढायची. मॅक्सिमात ते एका ओळीचं काम आहे. इंटरपोल पॅकेजमधली लाग्रांज ही आज्ञा सात ठिपके घेऊन सहाव्या घाताची बहुपदी देते. नोंदी ११/१०, १३/५ अशा अपूर्णांकांत दिल्या तर बहुपदीचे सहगुणकही पूर्ण अचूक अपूर्णांकांत येतात. रेषा प्रत्येक ठिपक्यातून बरोब्बर जाते, एक मिलिमीटरही इकडेतिकडे नाही. मग तिला रात्री ८ वाजताची उंची विचारा, म्हणजे शेवटच्या नोंदीनंतर फक्त दोन तासांनी. उत्तर येतं उणे ४.५ मीटर. संध्याकाळी सहाला ०.९ वर असलेलं पाणी दोन तासांत जवळजवळ साडेपाच मीटर खाली जाऊन खुणेच्या शून्याखाली साडेचार मीटर पोहोचलं म्हणे! गणितात कुठेही चूक नाही. त्या बहुपदीला चंद्र माहीत नाही, एवढंच.

चंद्र माहीत असलेलं सूत्र घ्यायला हवं. भरतीमागच्या कारणांत सर्वांत मोठा वाटा चंद्राचा आहे, आणि त्याचं एक आवर्तन सुमारे १२.४२ तासांचं, म्हणजे १२ तास २५ मिनिटांचं असतं. एका दिवसापुरतं सूत्र असं मांडता येतं: उंची = अ + ब × कोसाइन(गती × वेळ) + क × साइन(गती × वेळ). यात गती म्हणजे दोन पाय भागिले १२.४२. अ ही पाण्याची सरासरी पातळी. ब आणि क मिळून चढउतार किती आणि माथा कधी, ते ठरवतात. हे तीन आकडे नोंदींवरून काढायचे, असे की सातही ठिकाणी सूत्र आणि नोंद यांच्यातल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी. यालाच लघुतम वर्गांची पद्धत म्हणतात, आणि मॅक्सिमात त्यासाठी एलस्क्वेअर्स हे पॅकेज आहे.

इथे बीजगणिती प्रणालीचा स्वभाव आडवा येतो. गती 'दोन पाय भागिले १२.४२' अशी अक्षरातच ठेवली तर प्रणाली प्रत्येक नोंदीसाठी कोसाइनची मांडणी तशीच बाळगते, आणि अ-ब-क साठी पानभर लांबीचं उत्तर जमवायला लागते. ते अचूक असेल, पण सेंटिमीटरच्या अंदाजाने टिपलेल्या उंचींना त्या अचूकपणाचा उपयोग नाही. म्हणून गतीला आधी 'फ्लोट' लावून ०.५०५९ असा दशांशातला आकडा करून घ्यावा. मग मॅक्सिमा उलट बाजूने सुरू होते: दशांश मिळाले की 'अमुक दशांशाच्या जागी अमुक अपूर्णांक घेतला' अशा सूचनांची रांग लावते. त्याने गणित बिघडत नाही. रॅटप्रिंट हे सेटिंग बंद केलं की सूचना थांबतात. उत्तर लांबलचक अपूर्णांकांत आलं तर त्यालाही शेवटी फ्लोट लावायचं.

आपल्या नोंदींसाठी येतं ते असं: अ = २.५०, ब = −१.३८, क = ०.९८. आता एकाच चित्रात दोन गोष्टी मागा, नोंदी सुट्या ठिपक्यांत आणि सूत्र सलग रेषेत, रंग वेगळे. हे चित्र पाहिलं की मला दरवेळी बरं वाटतं. दहा आणि बाराच्या दोन ठिपक्यांच्या मधून रेषा वर उचलली जाते, माथ्याला ४.१९ मीटरला टेकते आणि खाली येते. माथ्याची वेळ निघते १० वाजून ५९ मिनिटं. त्या वेळी तुम्ही तिथे नव्हता, तरी दोन्ही बाजूंच्या नोंदींनी मिळून ती वेळ सांगितली. आणि याच सूत्राला रात्री ८ ची उंची विचारली तर २.२४ मीटर येते, पुढची भरती चढत असताना जशी असावी तशी.

एक्सेलमधली रेषा इथे संपते. मॅक्सिमात रेषेमागचं सूत्र अजून हातात आहे. त्याला 'डिफ' लावा, म्हणजे पाणी किती वेगाने चढतंय त्याचं सूत्र मिळतं, तेही आकडेमोडीने अंदाजलेलं नाही, नियमाने काढलेलं. त्याचा आलेख खाली जोडून काढला तर दिसतं की ७ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास पाणी सर्वांत जोरात चढतंय, तासाला जवळजवळ ८६ सेंटिमीटर. माथ्यापाशी वेग शून्य.

आता सुरुवातीचा झडपांचा प्रश्न. समजा ३.५ मीटर ही धोक्याची उंची आहे. सूत्राला ३.५ शी बरोबर ठेवून 'सॉल्व्ह' मागितलं, आणि सूत्र आधी एकाच कोसाइनच्या रूपात लिहिलेलं असलं, तर मॅक्सिमा उत्तर देते आणि सोबत बजावते की व्यस्त त्रिकोणमितीय फल (कोसाइनवरून उलटा कोन काढणारं) वापरल्यामुळे काही उत्तरं गळतील. ती खरंच गळतात. दोनांपैकी एकच वेळ हाती लागते. पण आलेखावर ३.५ ची आडवी रेषा मारली की ती सूत्राच्या रेषेला दोनदा छेदताना दिसते, एकदा नऊच्या पुढे, एकदा एकच्या अलीकडे. मग 'फाइंड-रूट' या आज्ञेला 'आठ ते दहाच्या मध्ये शोध' आणि 'बारा ते दोनच्या मध्ये शोध' असं दोनदा सांगायचं. वेळा येतात ९:०८ आणि १२:५१. म्हणजे पाणी ३.५ च्या वर ३ तास ४३ मिनिटं. जोडलेल्या तुटक रेषेवरून हेच मोजलं असतं तर ९:१७ ते १२:४० आलं असतं, वीस मिनिटं कमी. पाऊस कोसळत असताना ही वीस मिनिटं थोडी नाहीत.

सूत्र छान बसलं म्हणून लगेच विश्वास टाकू नये. प्रत्येक नोंदीतून सूत्राची उंची वजा करून उरलेल्या फरकांचा वेगळा आलेख काढावा. आपल्याकडे पहिले चार फरक दोन-अडीच सेंटिमीटरच्या आत आहेत. दुपारी २ ला नोंद सूत्राच्या ८ सेंटिमीटर खाली आहे, ४ ला ९ सेंटिमीटर वर. मोठ्या आलेखात हे दिसतच नाही, कारण तिथला उभा अक्ष चार मीटरचा असतो. फरकांच्या आलेखात अक्ष काही सेंटिमीटरचा होतो आणि हे दोन ठिपके चटकन उठून दिसतात. एक खाली, लगेच दुसरा वर, म्हणजे बहुधा लाटेमुळे वाचताना झालेली चूक. तेच फरक ओळीने एका बाजूला सरकत गेले असते तर सूत्रातच काहीतरी कमी आहे असं समजावं.

आणि जास्त दिवसांच्या नोंदी घेतल्या की ते कमी दिसू लागतंच. अमावास्या-पौर्णिमेजवळ उधाण, अष्टमीजवळ भांग (म्हणजे कमी चढउताराची भरती), हे एका कोसाइनने येत नाही. सूर्याचा वाटा बरोबर १२ तासांच्या आवर्तनाचा असतो, तो जोडावा लागतो. चंद्राची आणि सूर्याची लय पुन्हा एकत्र यायला किती वेळ लागेल? १ भागिले (१/१२ − १/१२.४२). इथे मात्र दशांश नको, अपूर्णांक हवा: १२.४२ च्या जागी ६२१/५० दिलं की मॅक्सिमा २४८४/७ तास असं नेटकं उत्तर देते, म्हणजे १४.७९ दिवस. उधाणापासून उधाणापर्यंतचा पंधरवडा तो हाच. पण नीट पाहा: खरं आवर्तन १२.४२०६ तासांचं आहे. तेवढा शेपटाचा आकडा घेतला तर उत्तर १४.७७ दिवस होतं, सुमारे अर्ध्या तासाचा फरक. २४८४/७ हा अपूर्णांक अचूक आहे, आत घातलेला १२.४२ मात्र गोल केलेला होता. प्रणाली पहिल्याची खात्री देते, दुसऱ्याची देऊ शकत नाही.

कोळ्यांचा जुना आडाखा याच चित्रावर मांडून बघण्यासारखा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आडव्या अक्षावर तिथी, उभ्यावर वेळ घेतली तर ही ३/४ चढाची सरळ रेषा होते. पंधरा तिथींत भरती सरासरी बारा तास पुढे सरकते, म्हणजे खरा सरासरी चढ १२/१५, अर्थात ४/५ तास, ४८ मिनिटं. आडाख्याची ४५. दोन्ही रेषा एकत्र काढल्या तर शून्यापाशी जुळतात आणि पंधराव्या तिथीपर्यंत पाऊण तासाने फाकतात. म्हणून अमावास्येला आडाखा सव्वाअकरा सांगतो आणि प्रतिपदेला पाऊण, एका तिथीत दीड तासाची उडी. पण खाडीही रोज सारखी सरकत नाही. उधाणाच्या दिवसांत भरतीची वेळ सरासरीहून कमी सरकते, भांगाच्या दिवसांत जास्त, आणि मच्छीमाराला उधाणाचं पाणी जास्त मोलाचं. तोंडी, घड्याळाशिवाय, पाऊणच्या पाढ्यावर इतकं जवळ जाणं मला थक्क करतं.

या आलेखात ठिपके जोडायचे नाहीत याला आणखी एक कारण आहे. घड्याळ बारानंतर पुन्हा शून्यावर येतं, आणि जोडलेली रेषा त्या ठिकाणी वरून थेट तळापर्यंत एक उभी रेघ मारते. बारानंतरच्या वेळांत बारा मिळवत जावं, १२.७५, १३.५ असं, म्हणजे क्रम सलग राहतो.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी टिपली जाते आहे, आणि भारतातल्या बंदरांसाठी असेच कोसाइन बेरजेला लावणारं दातेरी चाकांचं यंत्र १८७९ मध्ये लंडनमध्ये बनवलं गेलं होतं. त्या काळी एकेका कोसाइनसाठी वेगळं चाक लागायचं. मॅक्सिमात सूर्याचा वाटा जोडायला सूत्रात दोन पदं वाढवायची: ड × कोसाइन आणि ई × साइन, गती दोन पाय भागिले १२. फक्त एका दिवसाच्या सात नोंदींवर हे करू नका. १२ आणि १२.४२ तासांच्या लाटा एका दिवसात जवळजवळ एकमेकींवरच बसतात, आणि ब, क, ड, ई यांचे आकडे भलतेच मोठे आणि उलट चिन्हांचे येऊ शकतात. त्यांना वेगळं ओळखायला निदान एक पूर्ण पंधरवडा हवा, अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत, दिवसा-रात्रीच्या मिळून रोज चार-सहा नोंदी, तासांचा आकडा पहिल्या दिवसापासून सलग मोजत.